‘क्रमशः’चा हिशेब : व्हॉल्व्ह कंपनीला खुले पत्र

प्रति,
श्री. गेब न्यूएल आणि ‘हाफ-लाइफ’ मालिकेचे काम पाहणारी सर्व मंडळी,
व्हॉल्व्ह कॉर्पोरेशन, बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

विषय : ‘हाफ-लाइफ २’च्या तिसऱ्या भागाबद्दल स्पष्ट निवेदन मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबर २००७ रोजी तुम्ही ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ हा संगणकावरचा खेळ, म्हणजे ‘हाफ-लाइफ २’च्या पुढच्या कथेचा दुसरा भाग, प्रसिद्ध केलात. त्याच्या अखेरच्या प्रसंगात व्हाइट फॉरेस्टच्या तळावर एक हेलिकॉप्टर उड्डाणाच्या तयारीत उभे आहे. खेळणारा ज्याच्या रूपात खेळतो तो नायक गॉर्डन फ्रीमन आणि त्याची सोबतीण अ‍ॅलिक्स व्हान्स त्यात बसून उत्तर ध्रुवाकडे, ‘बोरियालिस’ नावाच्या हरवलेल्या जहाजाच्या शोधात निघणार, एवढ्यात पृथ्वीवर कब्जा केलेल्या परग्रही कंबाइन सत्तेचे दोन अ‍ॅडव्हायझर हँगर फोडून आत शिरतात, दोघांनाही अदृश्य शक्तीने जागच्या जागी खिळवून ठेवतात आणि मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांचा, इलाय व्हान्स यांचा, जीव घेतात. खेळणाऱ्याने माउस कितीही फिरवला, कळा कितीही बडवल्या तरी काही उपयोग होत नाही. पडदा काळा होतो आणि अंधारात मुलीचे रडणे तेवढे ऐकू येते. ते हेलिकॉप्टर आज अठरा वर्षे उलटून गेली तरी तिथेच उभे आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

या सगळ्याशी माझा संबंध काय, हे आधी सांगायला हवे, कारण पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाने दुकानदाराशी बोलावे एवढ्यापुरता हा मामला माझ्यासाठी उरलेला नाही.

मी मिरजेचा. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची तुमच्याशी ओळख झाली ती सायबर कॅफेत, ‘काउंटर-स्ट्राइक’च्या वाटेने. तासाच्या हिशेबाने पैसे मोजून एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या आम्हां पोरांना, हा खेळ मुळात ‘हाफ-लाइफ’ नावाच्या दुसऱ्याच एका खेळाच्या अंगाखांद्यावर वाढलेला आहे, हे कितीतरी उशिरा कळले. कळल्यावर मूळ खेळ मिळवला. कसा मिळवला ते सांगताना आज संकोच वाटतो, पण खोटे कशाला बोलू : प्लास्टिकच्या पाकिटातली, वर मार्करने नाव लिहिलेली ती सीडी पन्नास रुपयांची होती. पुढे नोकरी लागल्यावर ज्या काही वस्तू रीतसर पैसे देऊन घेतल्या, त्यांत सगळ्यात आधी ‘हाफ-लाइफ २’ आणि त्याचे दोन्ही भाग एकत्र असलेला तुमचा ‘ऑरेंज बॉक्स’ संच घेतला, आणि त्यामुळे माझे जुने देणे फिटले असे मी धरून चाललो आहे.

२००८ चा उन्हाळा होता. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात डाउनलोड मोफत असणारी इंटरनेटची योजना आमच्या घरी होती. तेव्हा रोज दोनचा गजर लावून, आठ-नऊ रात्रींत थोडा थोडा करून तो खेळ मी संगणकावर उतरवून घेतला. संगणक मधल्या खोलीत होता आणि त्याच्याच वर भिंतीला भारनियमनाचे वेळापत्रक चिकटवलेले होते. वीज गेली आणि यूपीएस किंचाळू लागला की जेमतेम तीन मिनिटे हातात असत. तेवढ्यात एफ ६ दाबून खेळ जतन करायचा आणि सगळे बंद करायचे. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की आजही पंखा मंदावला की माझे बोट आपसूक त्या कळीकडे जाते.

आई मागे पलंगावर बसून तांदूळ निवडत असे. तिला बंदुकांचे काडीचे कौतुक नव्हते, मात्र अ‍ॅलिक्सवर तिचा जीव जडला. इंग्रजी येत नसूनही ही मुलगी कधी चेष्टा करते आहे, कधी घाबरली आहे आणि कधी घाबरल्याचे लपवते आहे, हे तिला आवाजावरून समजत असे. ‘एपिसोड वन’मध्ये जमिनीखालच्या काळोखात लिफ्ट येईपर्यंत तग धरून राहण्याचा जो प्रसंग आहे, तिथे मी एकटाच सुचेल तसा गोळ्या झाडत सुटलो होतो आणि पुन्हा पुन्हा मरत होतो. मागून आई म्हणाली, “अरे, तिला दिसंना झालंय. बॅटरी लाव की तिच्यासाठी.” आणि खरोखरच तो प्रसंग तुम्ही तसाच रचलेला होता! बॅटरीचा झोत मी ज्याच्यावर धरीन त्याला अ‍ॅलिक्स टिपणार, अशी ती जोडी होती. आणि झोताची शक्ती मध्येच संपत असल्यामुळे तो कधी विझवायचा हेही शिकावे लागे. एका माणसाने दुसऱ्यासाठी उजेड धरायचा, ही गोष्ट एकही सूचना न लिहिता तुम्ही खेळणाऱ्याच्या हातांना शिकवलीत, आणि मिरजेत तांदूळ निवडणाऱ्या बाईला ती माझ्या आधी कळली. तुमच्या कामाची याहून मोठी पावती माझ्यापाशी नाही.

त्यामुळे इलाय गेले त्या रात्री सूप बाजूला ठेवून ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग तिने विचारले, “संपलं?” मी म्हणालो, “नाही, अजून एक भाग आहे. येईल वर्षभरात.”

तो शब्द मी तुमच्या भरवशावर दिला होता.

आता तक्रारी. पहिली तक्रार आहे ती भागांच्या सौद्याबद्दल, कारण तो सौदा आम्ही मागितला नव्हता, तुम्ही देऊ केला होता. ‘हाफ-लाइफ’ १९ नोव्हेंबर १९९८ रोजी आला आणि ‘हाफ-लाइफ २’ १६ नोव्हेंबर २००४ रोजी, म्हणजे मध्ये सहा वर्षांना तीन दिवस कमी एवढा काळ गेला. त्या काळात जाहीर केलेली तारीख हुकली, तुमच्या यंत्रणेत शिरून खेळाचा सोर्स कोड चोरला गेला, आणि हे सगळे सोसून तुम्ही जे पूर्ण केलेत त्याचे मोल आम्ही जाणतो. एवढा डोंगर पुन्हा एकदम उचलायचा नाही, कथा लहान लहान भागांत द्यायची, म्हणजे लोकांना सहा-सहा वर्षे ताटकळावे लागणार नाही, हा विचार त्यानंतर तुम्हीच मांडलात, आणि तिन्ही भाग २००७ च्या नाताळापर्यंत हातात पडतील असे सांगितलेत. श्री. न्यूएल, या भागांना ‘हाफ-लाइफ ३’ म्हणणेच कदाचित अधिक योग्य ठरले असते, अशा अर्थाचे उद्गारही २००६ मध्ये तुमचेच होते. पहिला भाग १ जून २००६ रोजी आला, दुसरा त्यानंतर सोळा महिन्यांनी. पहिल्याच्या शेवटी तुम्ही दुसऱ्याची झलक जोडली होती. दुसऱ्याच्या शेवटी श्रेयनामावली पुरती सरकून जाईपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही, पण झलक आली नाही. तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

आमच्याकडच्या मासिकांत लांबलचक कथा हप्त्याहप्त्याने छापली जाते, तेव्हा प्रत्येक हप्त्याच्या तळाशी ‘क्रमशः’ असा एक शब्द असतो. तुम्हाला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ ‘पुढे चालू’ एवढाच आहे, पण तो छापल्यावर संपादक वाचकाचा देणेकरी होतो. लेखक आजारी पडला, तर पुढच्या अंकात चौकटीत तसे कळवण्याची रीत आहे. मासिकच बंद पडले, तर निदान ते बंद पडल्याचे तरी वाचकाला कळते. कथा अर्ध्यावर, मासिक जोरात चालू आणि चौकटीत काहीच नाही, असा प्रकार मात्र माझ्या पाहण्यात फक्त तुमच्याकडे आला.

दुसरी तक्रार या न आलेल्या चौकटीची आहे. २००८ मध्ये तिसऱ्या भागाची काही कल्पनाचित्रे बाहेर आली, त्यानंतर तुम्ही तोंडात गुळणी धरून बसलात. भाग चालू आहे असे नाही, लांबला आहे असे नाही आणि रद्द केला असेही नाही. २०११ मध्ये दोघे तरुण हातात फलक घेऊन तुमच्या कार्यालयाबाहेर उभे राहिले होते. २०१२ च्या फेब्रुवारीत हजारो लोकांनी ठरवून एकाच वेळी ‘हाफ-लाइफ २’ सुरू केला, तो नवा खेळ मागण्यासाठी नव्हे, तर ‘आमच्याशी बोला’ एवढेच सांगण्यासाठी. नारे नाहीत, शिव्या नाहीत, नुसता आकडा वर गेलेला दिसावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. मागणे मांडण्याचा इतका सभ्य मार्ग मी फार थोड्या आंदोलनांत पाहिला आहे. आणि याच काळात तुम्हाला कथेचा विसर पडला होता असे म्हणावे, तर तेही खरे नाही. २०११ च्या ‘पोर्टल २’ या तुमच्याच दुसऱ्या खेळामध्ये, शोधल्याशिवाय सापडणार नाही अशा एका कोपऱ्यात, तुम्ही बोरियालिसची रिकामी गोदी नेमकी मांडून ठेवलीत. जहाज गेले कुठे हे सांगायचे नाही, पण ते जिथून गेले ती जागा आवर्जून दाखवायची, याला काय म्हणावे?

याच सदरात एक अवांतर गोष्ट. ‘एपिसोड टू’मध्ये बागेतला एक मातीचा बुटका खेळाच्या सुरुवातीपासून सांभाळत नेऊन अखेरीस अग्निबाणात ठेवण्याचे एक आगाऊ आव्हान होते. मी ते पार पाडले आहे. दर वळणाला तो बुटका उघड्या गाडीतून बाहेर पडे, आणि डोक्यावर शत्रूचे हेलिकॉप्टर घोंघावत असताना मी गाडी थांबवून त्याला उचलायला उतरत असे. २०२० च्या नोव्हेंबरात श्री. न्यूएल यांनी याच बुटक्याची टायटेनियमची प्रतिकृती न्यूझीलंडहून रॉकेट लॅबच्या खऱ्याखुऱ्या अग्निबाणातून अवकाशात पाठवली आणि त्या निमित्ताने ऑकलंडच्या मुलांच्या रुग्णालयाला देणगी दिली. काम पुण्याचे झाले, त्याबद्दल दुमत नाही. पण माझ्या मनात आलेच की आमचा बुटकासुद्धा पृथ्वी सोडून गेला, गॉर्डनला मात्र हँगरही सोडता आले नाही.

तिसऱ्या तक्रारीवर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण इथे तुम्ही अखेर तोंड उघडलेत. २०२४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ला वीस वर्षे झाली, तेव्हा तुम्ही दोन तासांचा माहितीपट प्रसिद्ध केलात आणि तिसऱ्या भागाचे काम कुठवर आले होते ते पहिल्यांदाच दाखवलेत. बर्फ फेकणारी बंदूक, तिने क्षणात उभी राहणारी बर्फाची भिंत, त्याच बर्फावरून घसरत जाण्याची युक्ती, फटींतून झिरपत पलीकडे जाणारे लिबलिबीत शत्रू : हे पाहताना अंगावर काटा आला. आपल्याला सांगितले गेले ते खोटे नव्हते, खरेच काहीतरी घडत होते, हे त्या दिवशी कळले. मग ‘लेफ्ट फोर डेड’ या तुमच्या दुसऱ्या खेळाला हात कमी पडत होते म्हणून मंडळी तिकडे गेली, आणि परत आली तेव्हा वेळ निघून गेल्यासारखी वाटली, असेही त्यात सांगितले आहे. तुमच्या कर्मचारी-पुस्तिकेत प्रत्येकाच्या टेबलाला चाके असल्याचे आणि ज्याला जिथे काम करावेसे वाटेल तिथे त्याने ते ढकलत न्यावे असे लिहिलेले आम्ही २०१२ मध्येच वाचले होते. ती व्यवस्था सुखाची असेल, पण टेबले ढकलत नेताना मागे अर्धवट काय राहिले, हे पाहणे कोणाकडे होते?

मात्र मूळ कारण म्हणून श्री. न्यूएल यांनी जे सांगितले ते याहून वेगळे आहे. त्याचा मथितार्थ असा की, केवळ कथा पुढे नेण्यासाठी खेळ काढणे म्हणजे खेळणाऱ्यांप्रती असलेल्या कर्तव्यातून अंग काढून घेणे होय. तिसऱ्या भागाने खेळाच्या कलेत नवी भर कोणती पडणार, हे आपल्याला सुचेना, आणि हे अपयश आपले स्वतःचे आहे. इतक्या मोठ्या उद्योगाचा धनी असे सरळ कबूल करतो, याचा मी आदर करतो. पण हे कारण मला पटलेले नाही.

नव्या क्रमांकाचा, नव्या किमतीचा खेळ काढताना ही कसोटी योग्यच आहे. २००४ मध्ये वस्तू खेचून घेऊन फेकणारी ग्रॅव्हिटी गन हातात आली आणि रेव्हनहोम या ओसाड गावातले करवतीचे पाते, गंजका रेडिएटर, रंगाचा डबा, जे दिसेल ते शस्त्र झाले. तसे काही सुचल्याशिवाय तिसरा क्रमांक लावू नये, या मताचा मीही आहे. परंतु भागांचा हिशेब वेगळा असतो. पहिल्या भागात नवे काय होते? सोबतीण आणि अंधार. दुसऱ्यात मोकळे रान आले, हंटर नावाचे नवे शत्रू आले आणि स्ट्रायडर या उंच तीन पायांच्या शत्रूला चिकटवायचे मॅग्नसनचे स्फोटक आले. ही भर लहान होती आणि आम्ही तिच्यावर तृप्त होतो, कारण त्या भागांसाठी आम्ही पैसे मोजले होते ते पुढे काय होते हे जाणण्यासाठी. कीर्तनात बुवांनी पूर्वरंग रंगवावा, उत्तररंगात आख्यान ऐन मध्यावर आणावे, नायिकेचा बाप पडावा, आणि तेवढ्यात बुवांनी वीणा खुंटीला अडकवून निघून जावे. वीस वर्षांनी गाठ पडल्यावर म्हणावे की नवी चाल सुचत नव्हती हो. श्रोता काय म्हणेल? बुवा, चाल जुनीच चालली असती, आख्यान तेवढे पुरे करायचे होते. नवीनतेचा आग्रह हा कलावंताचा स्वतःशी असलेला करार आहे, तो आमच्याशी केलेल्या करारावर मात करू शकत नाही. कर्तव्य हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून म्हणतो, कथा पूर्ण करणे हेच त्या वेळचे कर्तव्य होते.

चौथी तक्रार २३ मार्च २०२० रोजी आलेल्या ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ची आहे. खेळ उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. त्याची कथा ‘हाफ-लाइफ २’च्या आधीची आहे, आणि तो डोक्याला आभासी वास्तवाचे (व्हीआर) यंत्र लावूनच खेळावा लागतो. तुमच्या स्वतःच्या ‘इंडेक्स’ संचाची किंमत ९९९ डॉलर होती, म्हणजे आयात शुल्क न धरताच सत्तर हजार रुपयांवर. इतर कंपन्यांची स्वस्त यंत्रे चालतात हे मान्य केले, तरी त्यांच्या जोडीला लागणारा संगणक स्वस्त नसतो. माझ्यासारख्या अनेकांनी तो खेळ दुसऱ्या कोणाला तरी खेळताना पाहूनच अनुभवला. पण माझे मुख्य दुखणे किमतीचे नाही. त्याच्या शेवटी, गॉर्डनला आपल्या ताब्यात ठेवणारा जी-मॅन हा गूढ माणूस अ‍ॅलिक्सला तिच्या वडिलांचा होऊ घातलेला मृत्यू दाखवतो, ती त्यांना वाचवते आणि बदल्यात गॉर्डनच्या जागी स्वतः त्याच्या तावडीत सापडते. मग आपण पुन्हा त्याच हँगरमध्ये डोळे उघडतो, तर इलाय जिवंत आहेत, मुलगी नाही, आणि तिचा यंत्रमानव डॉग पहार घेऊन येतो. कथनाची करामत म्हणून हे अजब आहे. पण हिशेब मांडला, तर बारा वर्षे आणि पाच महिन्यांत कथा फक्त काही मिनिटांनी पुढे सरकली, आणि ज्या मृत्यूचे ओझे आम्ही एवढा काळ वाहिले तो झालाच नव्हता, असे आम्हाला कळवण्यात आले. अनुत्तरित प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी तुम्ही प्रश्नच बदललात. आईला मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. “म्हणजे बाप वाचला, आणि पोरगीला नेलं?” तिने विचारले. हो म्हणालो. “मग सोडवायला कधी जायचं?”

पाचवी तक्रार दोन वाक्यांत संपणारी आहे. या मालिकेचे लेखक मार्क लेडलॉ २०१६ मध्ये तुमच्याकडून बाहेर पडले आणि २५ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी आपल्या संकेतस्थळावर, पात्रांची नावे आणि लिंगे बदलून, एका पत्राच्या रूपात तिसऱ्या भागाची संभाव्य कथा मांडली; ती वाचायला इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले. जगातल्या एका मोठ्या कथेचा शेवट तिच्या लेखकाला नावे बदलून, वेषांतर करून सांगावा लागला, आणि तेव्हाही तुमच्याकडून अधिकृत असे काही आले नाही.

सहावी तक्रार काळाविरुद्ध आहे, तिचा दोष मी तुम्हाला पूर्णपणे देत नाही. ‘हाफ-लाइफ २’चे खलनायक डॉ. ब्रीन यांना आवाज देणारे रॉबर्ट कल्प २०१० मध्ये गेले. इलाय व्हान्स यांचा तो दमदार, मायाळू आवाज ज्यांचा होता ते रॉबर्ट गियोम २०१७ मध्ये गेले. गॉर्डनच्या बाजूने लढणाऱ्या परग्रही व्हॉर्टिगॉन्टांना आवाज देणारे लुई गॉसेट ज्युनियर २०२४ मध्ये गेले. ‘हाफ-लाइफ २’ जिथे घडतो त्या सिटी १७ शहराला युरोपातल्या जुन्या शहरांचा तो उदास, ओळखीचा वाटणारा चेहरा देणारे कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. ‘एपिसोड टू’मध्ये इलाय गॉर्डनला बाजूला घेऊन जी-मॅनबद्दल काही सांगू लागतात आणि बाकीचे नंतर बोलू म्हणतात. ते ‘नंतर’ त्या आवाजात आता कधीच ऐकू येणार नाही.

तुमच्या बाजूनेही जे आहे ते मी नोंदवतो. वीस वर्षांपूर्वीचा खेळ तुम्ही आजही दुरुस्त करता. वर्धापनदिनी तो काही दिवस फुकट दिलात, त्यात निर्मात्यांचे भाष्य घातलेत आणि दोन्ही एपिसोड मूळ खेळातच जोडून दिलेत. ‘ब्लॅक मेसा’सारखा चाहत्यांनी नव्याने घडवलेला खेळ तुम्ही अडवला तर नाहीतच, उलट आपल्याच दुकानात विकू दिलात. याच उदारपणामुळे तिसऱ्या भागाबद्दलचे मौन आम्हाला उलगडत नाही, आणि म्हणून आमच्या मागण्याही मी माफक ठेवल्या आहेत. नवा खेळ काढाच, असे मी म्हणत नाही; ते मागण्याचा अधिकार, वर सांगितलेला करार असूनही, इतक्या वर्षांनी मुदतबाह्य झाला असेल, हे मी गृहीत धरतो.

पहिली मागणी : ‘एपिसोड थ्री’ रद्द झाला आहे की नाही, हे कंपनीच्या नावाने, तारीख घालून, दोन ओळींत लेखी जाहीर करावे. माहितीपटातल्या आठवणी म्हणजे निवेदन नव्हे.

दुसरी : त्या भागासाठी तयार झालेली पटकथेची टिपणे, चित्रे आणि चाचणीचे नकाशे, जसे आहेत तसे, अपुरे आणि ओबडधोबड असले तरी, लोकांसाठी खुले करावेत. ‘लॉस्ट कोस्ट’ हा एक तुकडा तुम्ही २००५ मध्ये असाच स्वतंत्रपणे दिला होता आणि त्याला कोणी नाके मुरडली नाहीत.

तिसरी : २०१७ पासून लेडलॉ यांच्या त्या पत्रावरून स्वयंसेवक ‘प्रोजेक्ट बोरियालिस’ घडवत आहेत. त्यांच्यासारख्यांना, आणि पुढे येऊ शकणाऱ्या इतरांना, ही कथा पूर्ण करण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत, लेखी द्यावी. न अडवणे वेगळे आणि हो म्हणणे वेगळे.

चौथी : दोन्ही एपिसोड आता मूळ खेळाचाच भाग झाले असल्यामुळे, आज सोळा वर्षांचे जे पोर तो खेळ विकत घेईल ते सरळ चालत त्या हँगरपर्यंत पोहोचणार आहे. खरेदीच्या पानावर ‘ही कथा अपूर्ण आहे’ असे ठळक लिहावे. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. त्याला तरी कळू द्या.

पाचवी : गॉर्डनची कथा पुढे कधी सांगणार असाल, तर ती साध्या पडद्यावर, कळफलक आणि माउस घेऊन खेळता येईल अशी असावी. जे लोक त्या हँगरमध्ये अडकले आहेत, ते याच दोन वस्तू हातात घेऊन तिथवर आले होते.

यांतली एकही गोष्ट खर्चिक नाही, आणि पहिलीला तर एका दुपारहून अधिक वेळ लागू नये. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल. आईचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे, तांदूळ हल्ली निवडलेलाच येतो, पण वर्षा-दोन वर्षांनी, मी संगणकापाशी बसलेलो दिसलो की ती अजूनही त्या पोरीबद्दल विचारते. तिला काय सांगावे, तेवढे कळवावे.

कळावे,

आपला,
‘ऑरेंज बॉक्स’चा एक जुना ग्राहक,
मिरज, जि. सांगली